वाशी एक, पनवेल दहा

आज संध्याकाळी घरात एक साधी गोष्ट करून बघा. ताटलीत मूठभर शेंगदाणे ठेवा, तीन-चार वर्षांच्या आपल्या मुलासमोर हात पसरा आणि म्हणा, "मला चार दे." पाहुण्यांसमोर एक ते वीस घडाघडा म्हणणारं मूल इथे बऱ्याचदा हाताला येतील तेवढे दाणे तुमच्या तळहातावर ठेवून मोकळं होतं. "चार आहेत का? मोजून बघ," म्हटलं की ते मोजतं. सहापर्यंत जातं. आणि तरीही काही चुकलं आहे असं त्याला वाटत नाही.

काळजी करू नका. या वयात हे अगदी स्वाभाविक आहे, आणि मुलांच्या गणिताबद्दल पालकांना सगळ्यात आधी समजायला हवं ते नेमकं हेच. अंकांची नावं क्रमाने म्हणता येणं आणि संख्या कळणं यांत बराच मोठा काळ जातो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कॅरन विन यांनी १९९०च्या सुमारास लहान मुलांना नेमकं हेच काम दिलं: इतक्या वस्तू काढून दे. मुलाला आधी फक्त 'एक' कळतो. एक मागितला तर एक देतं, दोन मागितले तर ओंजळभर. मग काही महिन्यांनी 'दोन' पक्का होतो, मग 'तीन'. त्यानंतर, साधारण साडेतीन-चार वर्षांच्या आसपास, एक मोठी उडी येते. मोजताना शेवटी जो आकडा उच्चारला तोच 'एकूण किती' याचं उत्तर असतो, हे मुलाला उमगतं. हे उमगलं की चारच काय, सात आणि नऊही ते बरोबर मोजून देऊ लागतं. 'एक' कळण्यापासून इथपर्यंत यायला वर्ष-दीड वर्ष लागू शकतं, आणि ते वर्ष वहीत आकडे गिरवून घेतल्याने कमी होत नाही.

हे आवर्जून लिहितो आहे, कारण नवी मुंबईत पालकांवर येणारा दबाव मला दिसतो. खारघर, कामोठे, घणसोली, ऐरोली, कुठल्याही नोडमध्ये जा. एकाच इमारतीत खाली प्ले-ग्रुप आणि वरच्या मजल्यावर अबॅकसचा क्लास सापडतो. आई-बाबा दोघंही सकाळच्या गाडीने कामाला जातात, मूल पाळणाघरात किंवा आजी-आजोबांकडे असतं, आणि रात्री घरी आल्यावर ज्युनियर केजीची वही उघडली की एक ते शंभर लिहून आणायला सांगितलेलं असतं. हातात अजून नीट पेन्सिल न बसलेलं मूल रडत रडत ४७, ४८, ४९ गिरवतं. ते ४९ म्हणजे केवढा ढीग, हे त्याला कुणी दाखवलेलं नसतं. आपल्या मुलाने मागे पडू नये ही पालकांची तळमळ खरी आहे. ती चुकीच्या जागी खर्च होते, एवढंच माझं म्हणणं आहे.

महाराष्ट्रात हे सांगणारा मी पहिला नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांना सोबत घेऊन १९४५मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि १९५७मध्ये ते कोसबादच्या टेकडीवर नेलं. मॉन्टेसरीची महागडी लाकडी साधनं वारली पाड्यांवर परवडणारी नव्हती. म्हणून त्यांनी शिंपले, बिया, पानं, काड्या, दगड हीच शिक्षणाची साधनं केली. मूल शाळेत येत नाही तर शाळाच त्याच्या अंगणात नेली. दोघींचं काम पाहिलं की एक गोष्ट स्पष्ट होते: लहान मुलाला संख्या हातात धरायला लागते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आणि त्यानंतर २०२२मध्ये आलेला पायाभूत टप्प्याचा अभ्यासक्रम आराखडा आता हेच सांगतो. तीन ते आठ वर्षं हा एक सलग टप्पा आहे आणि त्यात शिकणं खेळातून, वस्तूंतून आणि बोलण्यातून व्हायला हवं.

बोलण्यातून हा शब्द महत्त्वाचा आहे. शिकागोमध्ये मानसशास्त्रज्ञ सुझन लिव्हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४ ते ३० महिन्यांच्या मुलांच्या घरी ठरावीक महिन्यांनी जाऊन आई-वडिलांचं रोजचं बोलणं चित्रित केलं. तेवढ्याच तासांच्या चित्रणात काही पालकांच्या तोंडी संख्यांचे शब्द मोजून चार वेळा आले होते, तर काहींच्या तोंडी अडीचशेहून जास्त वेळा. ज्या घरांत संख्या जास्त बोलली गेली, त्या घरांतली मुलं पुढे पावणेचार वर्षांच्या सुमारास संख्येचा अर्थ अधिक चांगला जाणत होती. नंतरच्या अभ्यासात त्यांना आणखी एक बारकावा दिसला. नुसतं "एक, दोन, तीन" म्हणण्यापेक्षा समोर दिसणाऱ्या वस्तू मोजून दाखवणं, आणि तेही चार ते दहा वस्तूंचे गट, यांचा संबंध पुढच्या समजेशी जास्त जवळचा होता.

म्हणजे करायचं काय? जिना चढताना पायऱ्या मोजा. मोजून झाल्यावर थांबा आणि म्हणा, "दहा पायऱ्या. एकूण दहा." हे शेवटचं वाक्य विसरू नका, तेच मुलाला 'एकूण किती' शिकवतं. मासळी आणायला मुलाला सोबत न्या. मावशी वाटे लावून बसलेल्या असतात, तिथे विचारा, "या वाट्यात किती बांगडे? त्या वाट्यात जास्त आहेत का?" घरी केळ्यांचा डझन आला की दोन-दोन करून फडताळात ठेवू द्या. पोळीचे चार चतकोर करून द्या, एक चतकोर खाल्ल्यावर किती उरले ते विचारा, दोन चतकोर जोडून अर्धी पोळी होते ते दाखवा. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द मराठी स्वयंपाकघरात रोज बोलले जातात. भात लावताना "दीड वाटी तांदूळ" म्हणजे किती, हे पातेल्यात डोळ्यांनी पाहिलेल्या मुलाला पुढे शाळेत अपूर्णांक आले की ते अगदीच परके वाटणार नाहीत.

एक गोष्ट मात्र करू नका. लांब पसरलेली सहा नाणी आणि जवळजवळ ठेवलेली सहा नाणी दाखवून "कुठे जास्त?" असं विचारलं, तर चार वर्षांचं मूल बहुधा लांब रांगेकडे बोट दाखवेल. उंच पेल्यात ओतलेलं दूधही त्याला जास्त वाटतं. मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी १९४१मध्ये आलेल्या पुस्तकात हे सविस्तर मांडलं होतं. मूल पाच-सहा-सात वर्षांचं होता होता ते आपोआप सुटतं. त्यावरून मुलाला हसू नका आणि "अगं, सारखंच आहे!" असं दहादा पटवायला जाऊ नका. "तुला असं का वाटलं?" एवढंच विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका. विचार करायची सवय अशा प्रश्नांमधून लागते.

आता नवी मुंबईच्या मुलांसाठी एक खेळ सांगतो. तो घरी दहा मिनिटांत तयार होतो आणि त्याचा पाया भक्कम संशोधनावर आहे.

हार्बर मार्गावर वाशीपासून पनवेलपर्यंत दोन्ही धरून बरोबर दहा स्थानकं आहेत: वाशी, सानपाडा, जुईनगर, नेरुळ, सीवूड्स-दारावे, बेलापूर, खारघर, मानसरोवर, खांदेश्वर, पनवेल. पुठ्ठ्याची एक लांब पट्टी घ्या. डावीकडून उजवीकडे सारख्या मापाची दहा घरं आखा. प्रत्येक घरात मोठा आकडा लिहा, १ ते १०, आणि खाली स्थानकाचं नाव. मुलाला अजून वाचता येत नसलं तरी चालेल, नावं त्याला तोंडपाठ असतात, गाडीतल्या घोषणांतून ऐकलेली. दोन बटणं दोन गाड्या झाल्या. नाणं उडवायचं. छापा आला तर एक घर पुढे, काटा आला तर दोन घरं. जो आधी पनवेलला पोहोचला तो जिंकला.

यातली मेख पुढे आहे. गाडी ४ वर, म्हणजे नेरुळला आहे आणि काटा पडला, तर मुलाने "एक, दोन" असं म्हणत सरकायचं नाही. त्याने "पाच, सहा" म्हणायचं, म्हणजे ज्या घरांवर गाडी जाते त्यांचेच आकडे. सुरुवातीला तुम्ही त्याच्यासोबत म्हणा. रॉबर्ट सिगलर आणि गीता रमाणी या संशोधकांनी २००८मध्ये अमेरिकेतल्या गरीब वस्त्यांमधल्या चार-पाच वर्षांच्या मुलांना अशीच एक ते दहाची सरळ पट्टी खेळायला दिली होती. दोन आठवड्यांत पंधरा-वीस मिनिटांच्या चार बैठका, बस. तेवढ्याने मुलांची मोजणी, आकडे ओळखणं आणि कुठली संख्या मोठी हे सांगणं सुधारलं, आणि नऊ आठवड्यांनंतरही ती सुधारणा टिकून होती. आकड्यांऐवजी नुसते रंग असलेल्या पटावर खेळलेल्या मुलांमध्ये असा बदल दिसला नाही. पुढच्या प्रयोगांत असंही दिसलं की सरळ पट्टी गोल पटापेक्षा चांगली, आणि घरांवरचे आकडे म्हणत सरकण्याने जास्त फायदा होतो.

कारण समजण्यासारखं आहे. संख्या जितकी मोठी, तितकं गाडीला पुढे जावं लागतं, तितका वेळ लागतो, तितक्या वेळा तोंडाने आकडा म्हणावा लागतो. मोठी संख्या म्हणजे काय हे मुलाचा हात, डोळा आणि जीभ एकाच वेळी शिकतात. म्हणूनच सापशिडी थोडी उशिरा आणावी असं माझं मत आहे. तिच्यात एक ओळ डावीकडून उजवीकडे आणि पुढची उलटी जाते. पाच-सहा वर्षांच्या मुलाला ती मजेची वाटते, पण चार वर्षांचं मूल त्या वळणावर हरवतं.

खेळ जमला की पुढे न्या. "मी नेरुळला आहे, मला खारघरला जायचंय. किती घरं?" तीन. "आणि परत यायचं असेल तर?" मग खऱ्या गाडीत बसल्यावर तेच विचारा. बेलापूर ते पेंधर ही मेट्रो नोव्हेंबर २०२३पासून धावते आहे आणि तिची ११ स्थानकं आहेत. त्या बाजूला राहणाऱ्यांनी पट्टी अकरा घरांची करावी.

खेळ आणि शाळेतलं गणित यांच्यामध्ये पूल बांधावा लागतो, तो आपोआप उभा राहत नाही. मोइरा डिलन, एलिझाबेथ स्पेल्की, एस्थर डुफ्लो या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'प्रथम' संस्थेच्या दिल्लीतल्या २१४ बालवाड्यांमध्ये संख्या आणि आकारांचे खेळ घेतले. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष विचार करायला लावणारे होते. मुलांची संख्येची आतली जाण सुधारली आणि वर्षभरानंतरही टिकली, पण शाळेत गेल्यावर तिथल्या गणितात ही मुलं पुढे दिसली नाहीत. यावरून मी घेतलेला धडा असा: ढीग, शब्द आणि लिहिलेला आकडा हे तिन्ही एकत्र यायला हवेत. चिंचोके मोजले तर "सात" म्हणा आणि शेजारी ७ लिहिलेला कागद ठेवा. उलटंही करा. ७ चा कागद दाखवा आणि तेवढे चिंचोके मागा.

मराठी घरांत या पुलावर आणखी एक अडचण असते, आणि तिच्यात मुलाचा दोष नसतो. आपल्या भाषेत त्रेसष्ट म्हणताना तीन आधी येतो आणि साठ नंतर, लिहिताना मात्र सहा आधी. त्यामुळे त्रेसष्ट ऐकून मूल ३६ लिहितं. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी, म्हणून 'तीस' ऐकून ते ३९ लिहिण्याची शक्यता असते. एकोणनव्वदपर्यंत हाच नियम चालतो आणि नव्याण्णवला अचानक मोडतो. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस दोन', 'साठ तीन' अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांनी तेव्हा शांतपणे समजावलं होतं की दक्षिणेकडच्या भाषांमध्ये संख्या अशाच म्हटल्या जातात आणि जोडाक्षरांची व उलट्या क्रमाची मुलांची अडचण त्याने कमी होते. त्यांचं म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं, आजही पटतं. रूढ नावं जायला नकोत. आजीच्या तोंडचं 'त्रेसष्ट' मुलाला आलंच पाहिजे. पण शिकताना "त्रेसष्ट, म्हणजे साठ आणि तीन" असं जोडून म्हणायला काय हरकत आहे? काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या रबराने बांधा. सहा जुड्या आणि तीन सुट्या काड्या समोर ठेवून हे म्हटलं की दशक आणि एकक डोळ्यांना दिसतात. मूल इंग्रजी शाळेत जात असेल तर 'सिक्स्टी थ्री' त्याच जुड्यांवर म्हणून घ्या. घरात मराठीत मोजल्याने इंग्रजीतलं गणित कच्चं राहील ही भीती मनातून काढून टाका. संख्येची समज एकदा आली की ती दुसऱ्या भाषेतही उपयोगी पडते, नव्याने शिकायची असतात ती फक्त नावं.

गणित म्हणजे फक्त संख्या नसतात, आणि विचारशक्ती म्हणजे फक्त गणित नसतं. ठिपक्यांच्या रांगोळीत आकृतिबंध, समोरासमोरची सारखेपणाची रेघ, ओळी-स्तंभ सगळं आहे. चार वर्षांच्या मुलाला खडूने चार बाय चार ठिपके काढून द्या आणि स्वतःची नक्षी जोडू द्या. दसऱ्याच्या तोरणात एक झेंडू, दोन पानं, एक झेंडू, दोन पानं असं ओवताना मध्येच थांबून "आता काय येईल?" विचारा. बेलापूरच्या सेक्टर आठमध्ये आर्टिस्ट व्हिलेज आहे. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिआ यांनी ते असं रचलं की सात घरांना मिळून एक छोटं अंगण, आणि अशा तीन गटांना मिळून एकवीस घरांचं एक मोठं अंगण. मुलाला तिथे फिरायला नेऊन घरी आल्यावर ठोकळ्यांनी ते अंगण रचायला सांगा. आत, बाहेर, पलीकडे, मध्ये, कोपऱ्यात हे शब्द भरपूर वापरा. जागेची जाण आणि गणिताची जाण यांचं नातं संशोधनात वारंवार दिसलं आहे. हिवाळ्यात नेरुळच्या पाणथळीवर रोहित पक्षी उतरतात, तेव्हा ते मोजायचा हट्ट करू नका. "या बाजूला जास्त की त्या बाजूला?" असा अंदाज करायला सांगा. सहा महिन्यांचं बाळसुद्धा आठ ठिपके आणि सोळा ठिपके यांतला फरक ओळखतं. अंदाज ही आपल्याला जन्मतः मिळालेली देणगी आहे, शाळा मात्र ती फार लवकर बाजूला टाकते.

आणि 'शिवाजी म्हणतो' हा खेळ विसरू नका. "शिवाजी म्हणतो, हात वर!" म्हटलं तर हात वर, नुसतं "हात खाली!" म्हटलं तर जागचं हलायचं नाही. ऐकणं, नियम लक्षात ठेवणं, चटकन उठणारी ऊर्मी आवरणं, या तिन्ही गोष्टी गणिताच्या प्रत्येक उदाहरणात लागतात, आणि पैसा न लागता त्या इथे घडतात.

मुलाला बोटांवर मोजू द्या. काही शाळांत अजूनही त्याला बंदी असते आणि ती चुकीची आहे. आपल्या आज्या बोटांच्या पेरांवर जप मोजत आल्या, एका हाताच्या चार बोटांवर बारा पेरं. पाच-सहा वर्षांच्या मुलाला बोटं हे सगळ्यात जवळचं साधन आहे, गरज संपली की ते स्वतःच सोडतं. अबॅकसच्या क्लासला सात-आठ वर्षांनंतर आवड म्हणून घालायचं तर जरूर घाला, पण चौथ्या वर्षी त्यावर पैसे आणि मुलाचे हक्काचे खेळाचे तास घालवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. "मला तर गणित कधी जमलंच नाही," हे वाक्यही मुलासमोर बोलू नका. शिकागो विद्यापीठातल्या एका अभ्यासात, गणिताची धास्ती असलेले पालक गृहपाठात जितकी जास्त मदत करत, तितकी त्यांची पहिली-दुसरीतली मुलं वर्षअखेर गणितात मागे पडलेली दिसली. आई-बाबांची भीती मुलापर्यंत पोहोचते. खेळायला बसताना ती बाहेर ठेवा.

काही मुलं सावकाश शिकतात आणि त्यांना वेळ दिला की येतं. पण पाच-साडेपाच वर्षांच्या मुलाला भरपूर खेळूनही तीन-चार वस्तू मोजून देता येत नसतील, छोट्या दोन ढिगांपैकी कुठला मोठा हे कळत नसेल, तर वाट बघत बसू नका. आधी कान आणि डोळे तपासून घ्या, मग बालरोगतज्ज्ञांशी आणि शाळेतल्या बाईंशी बोला. लवकर मिळालेली मदत नंतरच्या शिकवण्यांपेक्षा जास्त कामी येते.

या वर्षी तुम्ही मुलासाठी शाळा शोधत असाल तर एक विनंती आहे. माहितीपत्रकापेक्षा बालवाडीचा वर्ग बघायचा आग्रह धरा. मुलांच्या हाताला येतील अशा उंचीवर बिया, मणी, ठोकळे, काड्या आहेत का ते पाहा. बाई मुलांना "कसं काढलंस?" असं विचारतात का ते ऐका. आणि चार वर्षांच्या मुलांनी शंभरपर्यंत आकडे गिरवलेल्या वह्या तुम्हाला कौतुकाने दाखवल्या गेल्या, तर शांतपणे उठा आणि दुसरी शाळा बघा.